अकरा अंकी डोंगर सोलायची कृती

या, बसा. शिरपामाळावर गणित करायचं तर दोनच नियम: पाठ वाऱ्याकडे आणि वहीवर दगड. दगड शोधायला लांब जायला नको, पायाखालीच सापडेल. जव्हारच्या बाहेरचा हा उघडा माळ. इथला वारा कोरं पान सोडून देतो आणि नेमकं उत्तर लिहिलेलं पान उडवतो, असा माझा अनुभव आहे.

आज आपण एक मोठी संख्या हातात घेणार आहोत: १२,३४,५६,५४,३२१. वाचा बरं मोठ्यानं. बाराशे चौतीस कोटी, छप्पन्न लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. एकपासून सहापर्यंत चढायचं, मग सहापासून एकपर्यंत उतरायचं. पुढं मी हिला नुसतं ‘डोंगर’ म्हणणार आहे, दरवेळी कोटी-लाख कोण म्हणत बसणार! अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. हे नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत जन्मले आणि देवळालीला शाळेत शिकवत. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण आज आपण कामाला बसलो आहोत.

उठाल तेव्हा पाच उत्तरं तुमच्या हातात असतील. डोंगराचे मूळ अवयव कोणते, त्याला भाग घालणाऱ्या संख्या किती, त्या सगळ्यांची बेरीज डोंगरापेक्षा जास्त की कमी, डोंगर हर्षद आहे का, आणि त्याचा जनक कोण. शेवटी थोडी गंमत.

साहित्य: चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, दहा चिंचोके, एक बऱ्यापैकी वजनाचा दगड. पेन नको, कारण खोडावं लागणारच आहे. तेरापर्यंतचे पाढे येत असले तर उत्तम, नसले तर वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या, त्यात लाज कसली! मोबाइल पिशवीत राहू दे. आठ आकडी साधा कॅल्क्युलेटर आणला असेल तर तोही ठेवून द्या, हा डोंगर त्याच्या पडद्यावर मावतच नाही. सवय असेल तर एक तास लागेल, नसेल तर दोन.

डोंगर बांधा

१. वहीचं पान आडवं धरा. रुंदीला निदान पंधरा घरं हवीत.

२. उजव्या कडेला चिकटून पहिल्या ओळीत सहा एक लिहा: ११११११. एका घरात एकच अंक. सगळे एक एकसारखे दिसत असल्यामुळे सातवा कधी घुसतो ते कळत नाही. पेन्सिलीचं टोक टेकवत मोजा.

३. खालच्या ओळीत पुन्हा सहा एक लिहा, पण एक घर डावीकडे सरकवून.

४. असंच आणखी चार वेळा करा, दरवेळी आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. सहा ओळी झाल्या की पानावर जिना दिसायला हवा. एखादी पायरी दोन घरांची झाली असेल तर आत्ताच खोडा, पुढं ती सापडणार नाही.

५. उजवीकडून सुरुवात करून एकेका उभ्या रांगेची बेरीज तळाशी लिहा. १, २, ३, ४, ५, ६, आणि मग ५, ४, ३, २, १. हातचा एकदाही येत नाही. तुमच्याकडे सहा लागोपाठ दोनदा आले असतील तर जिन्याला एक पायरी जास्त झाली आहे.

६. तळाच्या ओळीतले अंक मोजा. अकरा हवेत.

७. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहा: डोंगर = ११११११ × ११११११. आत्ता आपण जिना मांडून केला तो हाच गुणाकार होता. ही ओळ पुसू नका. पुढचं निम्मं काम ती वाचवणार आहे.

हर्षद आहे का, पाहा

अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला पूर्ण भाग जातो ती हर्षद. हेही कापरेकरांनीच ठेवलेलं नाव, हर्ष देणारी ती हर्षद. उदाहरणार्थ १२: एक अधिक दोन तीन, आणि बाराला तीननं भाग जातो.

८. डोंगराच्या अंकांची बेरीज करा. सरळ रांगेनं नको, घोटाळा होतो. चढ वेगळा, उतार वेगळा: १ ते ५ ची बेरीज १५, पलीकडच्या उताराचीही १५, मध्ये शिखराचे ६. एकूण ३६.

९. डोंगराचा फक्त शेवटचा अंक पाहा. तो १, म्हणजे डोंगर विषम. ३६ सम. समानं विषमाला भाग जात नाही, तेव्हा इथंच थांबा. ‘छत्तीसमध्ये नऊ आहेत, नवानं भाग जातो, मग छत्तीसनंही जाईल’ असं म्हणून भागाकार मांडायला घ्याल तर दहा मिनिटं फुकट जातील.

१०. वहीत लिहा: डोंगर हर्षद नाही. वाईट वाटून घेऊ नका. याचाच धाकटा भाऊ १२,३२१ हर्षद आहे. त्याच्या अंकांची बेरीज ९ आणि ९ × १,३६९ = १२,३२१. नऊ शिखराचा सगळ्यात थोरला भाऊ १२३४५६७८९८७६५४३२१ आहे ना, तोही हर्षद. त्याच्या अंकांची बेरीज ८१. या तिघांत मधला आपलाच तेवढा रुसलेला.

अवयव काढा

११. तळव्यानं डोंगर झाका आणि कोपऱ्यातले सहा एक उघडे ठेवा. हे मी गमतीनं सांगत नाही. जो तो थेट अकरा अंकांवर तुटून पडतो आणि अर्ध्या वाटेत दमतो. आपल्याला माहीत आहे की डोंगर म्हणजे याच सहा एकांचा वर्ग. सहा एक फुटले की डोंगर फुटला.

१२. २ आणि ५ वर काट मारा. शेवटी १ आहे, दोघांनाही इथं जागा नाही.

१३. सहा एकांची बेरीज करा: ६. सहाला तीननं भाग जातो, म्हणून ११११११ लाही जातो. सहाला नवानं जात नाही, म्हणून तीन एकदाच निघेल, दोनदा नाही.

१४. ११११११ ला ३ नं भागा. इथं सावकाश, बोट ठेवून. अकराला भाग ३ चा, उरले २. पुढचा एक उतरवला की २१, भाग ७ चा, उरलं शून्य. आता पुढचा एक उतरवा. एकाला तीननं भाग जात नाही, म्हणून भागाकारात शून्य लिहा. लिहिलं? मग पुढचा एक उतरवून ११, भाग ३ चा, उरले २. शेवटचा एक उतरवून २१, भाग ७ चा. उत्तर ३७,०३७.

त्या मधल्या शून्यावर मी एवढा का अडून बसलो ते सांगतो. एकदा माझं ते शून्य गळालं आणि मी ३,७३७ धरून पुढं निघालो. गंमत अशी की ३,७३७ लाही ३७ नं भाग जातो, १०१ येतात, सगळं कसं छान जुळत गेलं. पाऊण तासानं पुन्हा गुणून पाहिलं तेव्हा ११,२११ आले आणि कपाळावर हात मारला. चूक जेव्हा नीटनेटकी दिसते तेव्हा ती जास्त फसवते.

१५. ३७,०३७ मधले अंक मोजा. पाच हवेत. चार असतील तर वरची पायरी पुन्हा करा.

१६. ३७,०३७ च्या डाव्या दोन अंकांवर अंगठा ठेवा. उघडे राहिले ०३७. अंगठ्याखाली हजारच्या जागी ३७, उघड्यावर सुटे ३७. म्हणजे ३७ हजार अधिक ३७. लिहा: ३७,०३७ = ३७ × १,००१. भागाकार करावाच लागला नाही!

१७. १,००१ ला ७ नं भागा. दहाला १, उरले ३. तीस, भाग ४, उरले २. एकवीस, भाग ३. उत्तर १४३.

१८. १४३ वर अकराची कसोटी लावा. कडेच्या दोन अंकांची बेरीज १ + ३ = ४, मधला अंक ४. दोन्ही सारखे, म्हणजे अकरानं भाग जातो.

१९. १४३ ला ११ नं भागा. उत्तर १३. तेरा मूळ संख्या आहे, आणखी फुटत नाही.

२०. राहिलेले ३७ तपासा. २, ३, ५ नं भाग जात नाही. सातापर्यंत जायची गरज नाही, कारण सात साते एकोणपन्नास, म्हणजे ३७ च्या पुढं. ३७ मूळ संख्या.

२१. पाचही अवयव एका ओळीत लिहा: ३ × ७ × ११ × १३ × ३७.

२२. उलटं गुणून ताळा पाहा. ३ × ३७ = १११. ७ × ११ × १३ = १,००१. १११ × १,००१ = १,११,१११. जुळलं? शाबास. जुळलं नसेल तर दहापैकी नऊ वेळा दोष चौदाव्या पायरीचा असतो.

२३. आता तळवा उचला आणि प्रत्येक अवयव दोनदा लिहा. डोंगर म्हणजे तीनाचा वर्ग, गुणिले सातचा वर्ग, गुणिले अकराचा, तेराचा आणि सदतीसचा वर्ग. पहिलं उत्तर झालं. याच्याभोवती चौकट आखा.

पाणी प्या.

विभाजक मोजा

विभाजक म्हणजे डोंगराला पूर्ण भाग घालणारी संख्या. एकेक शोधायला गेलात तर संध्याकाळ होईल आणि माळावर दिसेनासं होईल. म्हणून चिंचोके.

२४. दहा चिंचोक्यांच्या पाच ढिगल्या करा, प्रत्येकीत दोन. जमिनीवर काडीनं प्रत्येकीखाली एकेक अवयव लिहा: ३, ७, ११, १३, ३७.

२५. कुठल्याही ढिगलीतून कितीही चिंचोके उचला. समजा, सातच्या ढिगलीतून एक उचलला आणि अकराच्या ढिगलीतून दोन्ही.

२६. उचललेल्यांचा गुणाकार करा: ७ × ११ × ११ = ८४७. हा डोंगराचा एक विभाजक झाला. काहीच उचललं नाही तर १ मिळतो, सगळे उचलले तर खुद्द डोंगर. दोघांनाही मोजायचं आहे, बरं का. हे दोघं नेहमी विसरले जातात.

२७. एका ढिगलीपुरतं स्वतःला विचारा: किती तऱ्हांनी उचलता येईल? एकही नाही, एक, किंवा दोन. म्हणजे तीन तऱ्हा. चिंचोके दोन म्हणून तऱ्हाही दोन, असं समजू नका.

२८. पाच ढिगल्यांसाठी तीनाला तीनानं गुणत जा: ३, ९, २७, ८१, २४३. पंधरा लिहिलंत का? मग तुम्ही बेरीज केलीत. पहिल्या ढिगलीच्या प्रत्येक तऱ्हेबरोबर दुसरीच्या तिन्ही तऱ्हा जुळतात, म्हणून गुणाकार.

२९. लिहा: डोंगराचे विभाजक २४३. विषम संख्या आली ना? येणारच. विभाजक जोडीनं येतात, एकानं भागलं की भागाकारात त्याचा जोडीदार मिळतो. फक्त १,११,१११ चा जोडीदार तो स्वतःच. १२१ जोड्या आणि हा एकटा.

सगळ्या विभाजकांची बेरीज करा

दोनशे त्रेचाळीस संख्या खालीखाली मांडून बेरीज? छे! पाच छोट्या बेरजा आणि चार गुणाकार पुरतात. मात्र गुणाकार मोठे आहेत, तेव्हा नवीन पान घ्या. मागच्या पानाच्या कोपऱ्यात गुणाकार कोंबणाऱ्याचे अंक हमखास एकमेकांत मिसळतात.

३०. प्रत्येक ढिगलीसाठी एक, तो अवयव आणि त्याचा वर्ग यांची बेरीज करा.

१ + ३ + ९ = १३
१ + ७ + ४९ = ५७
१ + ११ + १२१ = १३३
१ + १३ + १६९ = १८३
१ + ३७ + १,३६९ = १,४०७

सुरुवातीचा एक विसरलात की पुढचं सगळंच चुकेल.

३१. १३ × ५७ करा. ५७० आणि १७१ मिळून ७४१.

३२. ७४१ × १३३ करा. शंभरचे ७४,१००, तीसचे २२,२३०, तीनचे २,२२३. एकूण ९८,५५३.

३३. ९८,५५३ × १८३ करा. शंभरचे ९८,५५,३००, ऐंशीचे ७८,८४,२४०, तीनचे २,९५,६५९. एकूण १,८०,३५,१९९.

३४. १,८०,३५,१९९ × १,४०७ करा. हा सगळ्यात मोठा, दम खाऊन करा. हजारचे १८,०३,५१,९९,०००. चारशेचे ७,२१,४०,७९,६००. सातचे १२,६२,४६,३९३. चौदाशे सातमध्ये दशकाच्या जागी शून्य आहे, म्हणून चाळीसची ओळ येत नाही. चारशेच्या जागी चाळीसनं गुणण्याची चूक इथंच होते. बेरीज: २५,३७,५५,२४,९९३.

३५. नवाचा ताळा घ्या. पाच बेरजांचे अंक मिळवत एक अंक उरेपर्यंत जा: १३ चे ४, ५७ चे १२ म्हणजे ३, १३३ चे ७, १८३ चे १२ म्हणजे ३, १,४०७ चे १२ म्हणजे ३. यांचा गुणाकार ७५६, अंकांची बेरीज १८, म्हणजे ९. आता मोठ्या उत्तराच्या अंकांची बेरीज: ५४, म्हणजे ९. जुळलं.

३६. एवढ्यावर समाधान मानू नका, अकराचा ताळाही घ्या. लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली तर नवाच्या ताळ्याला ती दिसत नाही, बेरीज तीच राहते. शेजारचे दोन अंक उलटे पडले असतील तर अकराचा ताळा पकडतो. उत्तराचे अंक उजवीकडून एकाआड एक घ्या: ३, ९, २, ५, ३, २, बेरीज २४. राहिलेले ९, ४, ५, ७, ५, बेरीज ३०. चोविसातून तीस जात नाहीत, म्हणून चोविसात अकरा मिळवा: ३५ वजा ३०, राहिले ५.

३७. आता पाच बेरजांना अकरानं भागून बाक्या लिहा: २, २, १, ७, १०. गुणाकार २८०. त्याला अकरानं भागलं की बाकी ५. दोन्हीकडे पाच! चुकून सहा आले असतील तर चौतिसावी पायरी पुन्हा तपासा.

३८. बेरजेतून डोंगर वजा करा. २५,३७,५५,२४,९९३ वजा १२,३४,५६,५४,३२१, उरले १३,०२,९८,७०,६७२. वजा का करायचा? डोंगर स्वतःचा विभाजक आहेच, पण तुलना बाकीच्यांशी करायची आहे.

३९. उरलेली संख्या आणि डोंगर शेजारीशेजारी ठेवा. विभाजकांची बेरीज डोंगराहून मोठी आहे, तब्बल ६८,४२,१६,३५१ नं. अशी बेरीज मोठी भरली तर संख्या विपुल, बरोबर तेवढीच आली तर परिपूर्ण, कमी पडली तर न्यून. सहा परिपूर्ण आहे, १ + २ + ३. आपला डोंगर विपुल.

हे उत्तर मला फार आवडतं. सम संख्यांत विपुल संख्या पुष्कळ सापडतात, बारापासूनच सुरू होतात. विषमांत मात्र पहिली विपुल संख्या थेट ९४५ ला भेटते. आपला डोंगर विषम असूनही विपुल निघाला. हर्षद नाही म्हणून मघाशी रुसवा होता ना, त्याची भरपाई समजा.

जनक शोधा

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात गोड काम. एखादी संख्या घ्यायची, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची, की नवी संख्या जन्मते. २३ मध्ये २ + ३ मिळवले की २८. म्हणजे २३ हा २८ चा जनक. काहींना जनकच नसतो, उदाहरणार्थ २०. कुठूनही सुरुवात करा, २० वर पोचता येत नाही. अशांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं, आणि त्यांच्या गावावरून त्यांना देवळाली संख्याही म्हणतात. डोंगर स्वयंभू आहे का ते पाहू.

४०. नव्या पानावर नवाचा पाढा उभा लिहा, ९ पासून ९९ पर्यंत, अकरा ओळी. अकरा अंकांची बेरीज ९९ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून तिथं थांबायचं. नवाचाच पाढा का? डोंगराला नवानं भाग जातो, म्हणून जनकालाही जायला हवा. दुसऱ्या संख्येला ही युक्ती जशीच्या तशी लावू नका.

४१. प्रत्येक आकडा डोंगरातून वजा करा, पण लिहा फक्त शेवटचे तीन अंक. ३२१ मधून ९९ गेले तरी २२२ उरतात, त्यामुळे पुढचे १२३४५६५४ जागचे हलत नाहीत.

४२. त्या न हलणाऱ्या आठ अंकांची बेरीज कोपऱ्यात लिहा: ३०.

४३. प्रत्येक ओळीत ३० मध्ये शेवटच्या तीन अंकांची बेरीज मिळवा. पान असं दिसेल:

९ वजा केले, ३१२ उरले, बेरीज ३६
१८ वजा केले, ३०३ उरले, बेरीज ३६
२७ वजा केले, २९४ उरले, बेरीज ४५
३६ वजा केले, २८५ उरले, बेरीज ४५
४५ वजा केले, २७६ उरले, बेरीज ४५
५४ वजा केले, २६७ उरले, बेरीज ४५
६३ वजा केले, २५८ उरले, बेरीज ४५
७२ वजा केले, २४९ उरले, बेरीज ४५
८१ वजा केले, २४० उरले, बेरीज ३६
९० वजा केले, २३१ उरले, बेरीज ३६
९९ वजा केले, २२२ उरले, बेरीज ३६

४४. ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा जिथं सारखा आहे ती ओळ शोधा. पाचवी! ४५ वजा केले आणि बेरीजही ४५.

४५. खाली उरलेल्या सहा ओळीही पाहून घ्या. सापडलं की पान मिटायची घाई होते, पण काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ चंच पाहा: ९१ मध्ये १० मिळवा, १०१, १०० मध्ये १ मिळवा, तरी १०१. आपल्याकडे मात्र दुसरी ओळ जुळत नाही.

४६. जनक पूर्ण लिहा: १२,३४,५६,५४,२७६.

४७. त्यात ४५ मिळवून डोंगर येतो का पाहा. २७६ आणि ४५, ३२१. आला! डोंगर स्वयंभू नाही, त्याला जनक आहे आणि एकच आहे.

थोडी गंमत

पाचही उत्तरं झाली. चिंचोके पिशवीत टाका. पेन्सिलीला अजून टोक असेल तर एवढं करून पाहा.

४८. डोंगराचे पहिले चार अंक आणि शेवटचे चार अंक लिहा: १२३४ आणि ४३२१.

४९. मोठ्यातून लहान वजा करा: ३,०८७.

५०. ३,०८७ चे अंक आधी उतरत्या क्रमानं लिहा, ८७३०, मग चढत्या क्रमानं, ०३७८. पुढचं शून्य टाकून देऊ नका, नाहीतर तीनच अंक उरतील.

५१. वजा करा: ८,३५२.

५२. तीच चाल पुन्हा: ८५३२ वजा २३५८. उत्तर ६,१७४.

५३. अजून एकदा: ७६४१ वजा १४६७. काय आलं? पुन्हा ६,१७४. आता कितीही वेळा करा, तेच येत राहणार. घरी चार अंकांची कुठलीही संख्या घेऊन बसा, चारही अंक एकसारखे तेवढे नकोत. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही इथंच येऊन पोचाल.

दगड काढण्याआधी वही मिटा. उलटं केलंत तर जनकाचं पान गेलं म्हणून समजा.